नेरीना उदीनेला गेली तो आठवडा

१३ मे, सोमवार

नेरीना सकाळच्या गाडीने उदीनेला गेली. तिच्या बहिणीचा, लिदियाचा, गुडघा पुन्हा धरलाय. दहा दिवस राहणार. मी लगेच हो म्हणालो. बायको माहेरच्यांकडे निघाली की तोंड पाडणाऱ्यातला मी नाही.

स्टेशनवर जाता आलं नाही. गुरुवारच्या मोर्च्याचे झेंडे काठ्यांना लावायचे होते. व्हेनिसच्या आमच्या ‘मोठी जहाजं नकोत’ समितीचा अध्यक्ष ओत्तावियो आपण होऊन म्हणाला, मी माझ्या बोटीतून बॅग सोडतो. माणसं जोडली की अशी उपयोगी पडतात.

बॅग मोठी होती. पोहण्याचा पोशाखही घेतलान. विचारलं, तर म्हणाली, लिदियाला डॉक्टरांनी पाण्यातले व्यायाम सांगितलेत, सोबतीला मी उतरेन. किती पुढचा विचार करते!

संकल्प: रोज स्वतः स्वयंपाक. बाहेरचं बंद.

१४ मे, मंगळवार

पोलेंता, आमची मक्याच्या पिठाची लापशी, करपली. भांडं भिजत घातलंय. दोष गॅसचा.

खालच्या मजल्यावरची वांदा पण घरात नाही, खिडक्या बंद. मेस्त्रेला मुलाकडे गेली असेल. नाहीतर वाटीभर सूप आलं असतं.

संध्याकाळी गुत्त्यात समितीची बैठक. ओत्तावियोने विचारलं, नेरीना पोचली का, आणि लगेच स्वतःच्या ग्लासात बघायला लागला. बाकीचेही माझ्याशी फार अदबीने वागत होते. एकाने वाइन पाजली, दुसऱ्याने तळलेल्या सार्डिनची बशी पुढे सरकवली. समितीतलं माझं वजन वाढतंय. पुढच्या वर्षी अध्यक्षपद माझ्याकडेच येणार असं दिसतं. (सार्डिन म्हणजे बाहेरचं खाणं नव्हे. ते बैठकीचं काम.)

१५ मे, बुधवार

आज पर्यटकांच्या तीन टोळ्यांना वाट चुकवली. सान मार्को कुठे विचारतात, मी उलट दिशेला, आर्सेनालेकडे बोट दाखवतो आणि ‘सरळ जा’ म्हणतो. हे खोटं बोलणं नव्हे. जहाजातून सकाळी उतरायचं, संध्याकाळी चढायचं आणि आमचं शहर पाहिलं म्हणायचं? चालू देत जरा पाय.

नेरीनाचा फोन. वाऱ्याचा आवाज फार. म्हणाली, उदीनेत वारं सुटलंय. मध्येच भोंगा वाजला. लिदियाच्या शेजाऱ्याचा ट्रक, म्हणे. कसला ट्रक पाळलाय माणसाने! लिदियाला तिथे झोप कशी लागते? बिचारी.

१६ मे, गुरुवार, सकाळ

मोर्चा भव्य झाला. सगळ्या बोटी ज्युदेक्काच्या कालव्यात. माझी बोट थोडी गळते, म्हणून मी ओत्तावियोच्या बोटीत पुढे उभा, शिट्टी घेऊन. आठच्या सुमारास ते पांढरं धूड आलं, सोमवारी त्रिएस्ते बंदरातून निघालेलं. घरांच्याही वर. मी जीव तोडून शिट्टी फुंकली.

आणि विजय! सगळ्यात वरच्या डेकवरून एक बाई दोन्ही हातांनी टॉवेल हलवत होती, आमच्याकडे बघून. शेजारी तिची मैत्रीण, तीही. म्हणजे प्रवासी आता आपल्या बाजूला यायला लागले. मी टोपी काढून अभिवादन केलं. बांधा जरा नेरीनासारखा. बाई चांगली असणार.

ओत्तावियो म्हणाला, वर नको बघूस, मान अवघडेल. आणि बोट वळवली. हेवा, दुसरं काय.

त्याच दिवशी, दुपार

लिहायची इच्छा नाही. पण लिहिलं पाहिजे.

सान्ता मारिया फोर्मोझाच्या चौकात उभा होतो. नेहमीचा पूल दुरुस्तीला बंद. छत्री उंच धरलेली एक गाइड पोरगी गोंधळली होती, मागे छातीवर नऊ नंबरचे गोल चिकटवलेली, जहाजातून उतरलेली तीसेक माणसं. तिने मला वाट विचारली. मी नेहमीच्या आत्मविश्वासाने डावीकडे बोट केलं.

मागून आवाज आला, आमच्या घरातला.

“त्याच्या बोटाकडे बघू नका, उजवीकडे वळा. चाळीस वर्षं मी हेच करत आले.”

नेरीना. छातीवर नऊ नंबर. शेजारी वांदा, हातात आइस्क्रीम. सगळी टोळी हसली आणि उजवीकडे वळली. त्यात आमच्या भाषेचा ओ की ठो न कळणारेही हसत होते.

केसाने गळा कापला माझा.

थोड्या वेळाने

पाठलाग केला नाही. फक्त लांबून त्यांच्या मागे गेलो.

ती सान मार्कोच्या राजवाड्यात गेली. आमच्याच राजवाड्यात, परक्यांच्या रांगेतून. काखेत कळसा म्हणतात तो हा. मी बाहेर उन्हात. बराच वेळ लागला. बाहेर आली तेव्हा रडल्यासारखी दिसत होती. मला वाटलं, पश्चात्ताप. तर ती वांदाला छतावरची चित्रं हातवारे करून सांगत होती.

मग गोंडोला. व्हेनिसची बाई गोंडोल्यात! माझ्या आईने बसायचं म्हटलं असतं तर वडिलांनी घर सोडलं असतं. गोंडोलेवाला माझ्या ओळखीचा. त्याने मला मुखवट्यांच्या टपरीमागे पाहिलं आणि हॅट काढली. आता उद्या गावभर.

संध्याकाळ, धक्क्यावरून आल्यावर

ठरवून गेलो होतो: मोठ्या मनाने क्षमा करायची, बॅग उचलायची, घरी आणायचं. तिला पेच पडू नये म्हणून आधी मीच बोललो.

“घरी चल. झालं गेलं मी विसरलो.”

“सहाला सुटतं जहाज,” ती म्हणाली. “आज कॅप्टनबरोबर जेवण आहे.”

मी विचारलं, फसवलंस का? तिने आवाजही चढवला नाही. म्हणाली, नाताळात विचारलं होतं ना, दोघं जाऊ जहाजाने कोर्फू बेटावर म्हणून? तू मला समितीचं पत्रक वाचून दाखवलंस, उभं राहून. मग मी वांदाला विचारलं. बॅग ओत्तावियोने नुसती स्टेशनवर सोडली नव्हती, त्रिएस्तेच्या गाडीत चढवून दिली होती आणि शुभेच्छाही दिल्या होत्या. सगळ्या समितीला ठाऊक होतं. ती अदब, ती वाइन, ते सार्डिन! अस्तनीतले निखारे.

मी म्हणालो, राजवाडाच बघायचा होता तर मला सांगायचंस. आपल्या गावच्यांना तर तिकीटही लागत नाही. राजवाडा काही कुठे पळून गेला नव्हता.

“मीपण कुठे गेले नव्हते, गिल्दो,” ती म्हणाली. “चाळीस वर्षं इथेच होते.”

वांदाने तिचा दंड धरला आणि दोघी शिडी चढून गेल्या. नऊ नंबर तिने काढलासुद्धा नाही.

जहाज सुटताना पुन्हा बोटी निघाल्या. मीही गेलो, शिस्त म्हणून, दुसऱ्याच्या बोटीत. शिट्टी वाजेना. आत पाणी गेलं असावं. नेरीना कठड्याशी होती. या खेपेला टॉवेल नाही. ती शहराचे फोटो काढत होती. कॅमेरा माझ्यावरून गेला, थांबला नाही.

फार वाईट वाटलं. तत्त्व म्हणून नव्हे, असंच.

१७ मे, शुक्रवार

संकल्प: क्षमा नाही. राजीनामा लिहिला. ओत्तावियोच्या तोंडावर फेकायला गुत्त्यात गेलो. तो म्हणाला, “अरे, तिने शपथ घातली होती. आणि खरं सांगू? मी माझ्या बायकोलाही पाठवणार होतो, तिला जागा मिळाली नाही.” अध्यक्ष! राजीनामा खिशातच राहिला, कारण वाइन त्याने मागवली होती. शिष्टाचार मोडणं माझ्या स्वभावात नाही.

२० मे, सोमवार

कोर्फूहून फोन आला. उचलायचा नाही असं ठरवलं होतं. पहिल्याच रिंगला चुकून उचलला. तिने विचारलं, जेवलास का? मी तुटकपणे म्हणालो, उत्तम. (तीन दिवस पाव आणि चीज.) समुद्र कसा आहे ते मी विचारलं नाही. तिने सांगितलंही नाही.

२३ मे, गुरुवार

स्टेशनवर जायचं नाही, हा निर्णय पक्का होता. तिकडे दुसरं काम निघालं. गाडी अर्धा तास उशिरा आली, तरी तिथेच होतो.

नेरीना उन्हाने काळवंडलीय. चांगली दिसते. तिने बॅग माझ्या हातात दिली आणि वांदाशी बोलत पुढे चालू लागली. पुलांच्या पायऱ्यांवर बॅग फार जड लागली. मी काहीही बोललो नाही. मौन हीसुद्धा शिक्षाच असते. तिच्या ते लक्षात आलं असावं.

घरी तिने करपलेलं भांडं घासलं आणि पास्त्याचं पाणी ठेवलं. पाठमोरीच म्हणाली, ऑक्टोबरमध्ये एक जहाज इस्तंबूलला जातं.

मी खुर्चीवरून उठलो. स्वच्छ शब्दांत सांगितलं की असल्या जहाजावर मी मेलो तरी पाऊल ठेवणार नाही, कितीही गळ घातलीस तरी. मनात म्हटलं, दोनदा विचारलंन तर बघू.

तिने पाण्यात मीठ टाकलं, चव घेतली.

“पण तुला बोलावलंय कोण? मी आणि वांदा जातोय.”

इथे नोंद असू दे, नकार आधी मीच दिला होता.