पडीक जमिनीचं पाणी

कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व)
१६ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
विमलाचा नमस्कार.

इकडे सर्व ठीक. वहिनीच्या गुडघ्यांना उतार पडला असेल. तुझं ठीक असणारच. तू वरच्यावाडीत राहतोस आणि कालव्याचं पाणी आधी तिथंच येतं.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज केला की दोन निळ्या रेघा येतात आणि पुढे काही नाही. म्हणून हे पत्र रजिस्टर करून पाठवतेय. पोस्टमन सही घेतल्याशिवाय देणार नाही. लोकांच्या सह्या घ्यायची तुला सवय आहे, आता एकदा स्वतःची देऊन बघ.

मंगळवारी खालच्या शेळवाडीची प्रेमा आली होती माझ्याकडे. तुला वाटेल दोन दिवस पाहुणी आली असेल. नाही. ती आता मुलुंडला एका म्हातारीला सांभाळते. चोवीस तासांचं काम. म्हातारीला उचलायचं, धुवायचं, भरवायचं. दर मंगळवारी दुपारी तीन तास सुट्टी. साठीला आलेली बाई, जिने उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या घरचं भांडं घासलं नाही, ती माझ्या दारात प्लास्टिकची पिशवी घेऊन उभी होती. हात बघितले तर साबणाने सोललेले.

म्हटलं, "गो, वायंगणीचा भात टाकून तू हंय कशी?"

म्हणाली, "खंयची वायंगणी? शेत सुकान गेला. लावणी झाली नि जानेवारीत पाणीच इला नाय. वाफ्यात बोट शिरात एवढी भेग."

दादा, तू पाणी वापर संस्थेचा अध्यक्ष. तुला कालवा शिकवायचा म्हणजे अतीच झालं. तरी लिहिते, कारण सभेत तू हे असं कधी मांडलं नसशील. काळंबी नदीवर धरण एक, कालवा एक. यंदा धरण निम्मं भरलं. जमिनीप्रमाणे प्रत्येक खातेदाराचा पाण्याचा हिस्सा ठरलेला. त्यातले निम्मे खातेदार आमच्यासारखे, मुंबईला. आमची जमीन पडीक. आमच्या पाळीचं पाणी आम्ही घेत नाही, ते तसंच पुढे वाहत, हिश्श्यात नसलेल्या शेळवाडीला जातं. चाळीस वर्षं जात होतं. त्याच्यावर प्रेमाची वायंगणी, तिची चवळी, तिच्या सुपाऱ्या. कुणी दिलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. पाणी खाली जातं, एवढंच.

मग नियम आला की खातेदाराला आपला हिस्सा लेखी दुसऱ्या खातेदाराला देता येईल. नियम वाईट नसेलही. पण तू काय केलंस? केळीच्या कंपनीने वरच्यावाडीत डोंगर भाड्याने घेतला, तू त्यांना संस्थेचं सभासद करून घेतलंस आणि मुंबईला येऊन आम्हा अकरा जणांचं पडीक पाणी गोळा करून त्यांना देऊन टाकलंस. जे पाणी कुणी वापरत नाही असं तू कागदावर लिहिलंस, ते प्रेमा वापरत होती! तुझ्या कागदात प्रेमाचा रकानाच नाही.

कांजूरमार्गच्या हॉलवर गावच्या मुंबई मंडळाचं हळदीकुंकू झालं तेव्हा बाकीचे दहा जण खुशीत होते. पडीक जमिनीचं काहीतरी झालं म्हणे. एकाने विचारलं नाही की झालं म्हणजे कुणाचं काय झालं. यात मीही आले, मला ठाऊक आहे. भाऊबीजेच्या दिवशी कोण काय बोललं ते आता उगाळण्यात अर्थ नाही.

प्रेमाने मला सरळ विचारलं, "पाणी सोडणारो पाटकरी म्हणता, मुंबयवाल्यांनी आपल्या वाटणीचा पाणी केळीवाल्यांका दिल्यानी. तुका कायतरी म्हायत आसतलाच." मी तिला काय सांगितलं ते तुला कळायची गरज नाही.

आता नीट वाच. माझ्या हिश्श्याची संमती मी मागे घेतेय. अर्ज सोबत जोडलाय, एक प्रत सचिवांना वेगळी गेलीय. कंपनीचे जे पैसे आले होते ते आल्या वाटेने परत केले. बाकीच्या दहा जणांकडे मी स्वतः जाणार आहे. भांडुप, घाटकोपर, मालाड, जिथे असतील तिथे. पाय दुखतात, पण जाईन. आणि मार्चच्या सभेला गावात येईन. तू दाराला कडी लावलीस तरी फरक पडत नाही, तुझ्या दाराची कडी मी पंचवीस वर्षं बाहेरूनच बघितलीय.

वहिनीला नमस्कार.

विमला

• • •

कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व)
६ एप्रिल २०२५

दादा,

इकडे सर्व ठीक असं लिहिणार होते. नाहीये.

सभेला दोन आठवडे झाले. तू गावात कुणाशी बोलत नाहीस असं वहिनीने कळवलं. संस्थेत जात नाहीस, देवळात जात नाहीस. अध्यक्षपद सोडल्याचं पत्र तू त्याच संध्याकाळी दिलंस. गावात सगळे म्हणतात, गुणाजीने सख्ख्या बहिणीला फसवलं.

तेवीस तारखेला त्या सभामंडपात काय झालं ते तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. बाकी चाळीस माणसांना ठाऊक नाही.

मी उभी राहिले. म्हटलं, "माका वाचूक जमला नाय. चष्मो नव्हतो. दादा म्हणालो म्हणान सही केलंय. कसली ता माका सांगल्यान नाय."

तू उठलास. म्हणालास, "विमल, खरां सांग."

मी म्हटलं, "खरांच सांगतंय."

मागून कुणीतरी बोललं, "बायलमाणूस, तिका काय कळतला!" आणि अख्खी सभा माझ्या बाजूला वळली. बाईमाणसाला काही कळत नाही, हे ऐकून ऐकून मी म्हातारी झाले, दादा. त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्या उपयोगी पडलं. मालाडचा नितेश उठला, म्हणाला मलाही सांगितलं नव्हतं. मग आणखी चौघं. ज्यांच्या घरी मी महिनाभर जिने चढले, ज्यांनी मला "बघू, कळवू" म्हणून पाणी पाजून परत पाठवलं, त्यांना आता फसवले गेलेले व्हायचं होतं. ते सोपं होतं ना. तासाभरात अकराच्या अकरा संमत्या रद्द.

तू बोलू शकला असतास.

मी तीस वर्षं शाळेच्या कचेरीत कारकुनी केली. प्रत्येक पालकाला सांगायचे, आधी वाचा, मग सही करा. भाऊबीजेला चष्मा माझ्या डोळ्यांवर होता. कागद मी दोनदा वाचला. आणि तुला विचारलं, शेळवाडीचं काय? तू खोटं बोलला नाहीस. तू म्हणालास, "शेळवाडीक जाता ता तुटतला. पण ता तेंचा कधीच नव्हता. आपण घेत नव्हतो म्हणान जाय होता." एवढं स्पष्ट. माझ्या डोळ्यांसमोर प्रेमाचं अंगण आलं. आलं, आणि मी सही केली.

का केली ते तुला कळलं नसेल. किंवा कळलं असेल आणि म्हणूनच तू भाऊबीजेचा मुहूर्त धरला असशील. पंचवीस वर्षांत तू माझ्या घरी आला नव्हतास. मी चंद्रप्रकाशशी लग्न केलं, तो आपल्यातला नव्हता, म्हणून तू मला मेलेली धरलीस. तो गेला तेव्हाही आला नाहीस. माझ्या श्रुतिकाने तिचा मामा फक्त फोटोत बघितला होता. आणि त्या दिवशी तू पाटावर बसलास, मी ओवाळलं, तू सोलकढी दोनदा मागून घेतलीस. मग पिशवीतून कागद काढलास. तेव्हा मी नाही म्हटलं असतं तर तू उठून गेला असतास. तू जाणं मला नको होतं. बस. प्रेमाचं पाणी देऊन मी तुला तासभर जास्त बसवून घेतलं.

गेल्या मंगळवारी हे सगळं प्रेमाला सांगितलं. फेब्रुवारीत ती आली होती तेव्हा मी तिला म्हटलं होतं, "माका काय म्हायत नाय गो." आता खरं सांगितलं. मला वाटलं ओरडेल. तिने चहाचा कप खाली ठेवला.

म्हणाली, "जेवलो काय तो तुझ्याकडे?"

म्हटलं, "जेवलो."

"आणि पंचवीस वर्सां तू गावाक येवन जेवलंस खंय?"

तिच्याकडे, दादा. तू कडी लावायचास तेव्हा मी तिच्या पडवीत झोपायचे. चंद्रप्रकाशला गावात पहिलं ताट तिने वाढलं. ती उठली, पिशवी घेतली आणि गेली. मी म्हटलं, शेळवाडीला पाणी येणार, आता तरी घरी जा. जिन्यातून म्हणाली, "सुपाऱ्यो वाचतीत. भात काय परत उठाचो नाय. मी पावसापर्यंत हंयच." या मंगळवारी येईल की नाही, माहीत नाही.

आता तुझ्यावरचा राग. तो गेला असेल असं समजू नकोस. उलट आता तो मला धड करताही येत नाही, म्हणून जास्त आहे. मी खोटं बोलले म्हणून तू खरा ठरत नाहीस. तू एका बाईचं शेत सुकणार हे माहीत असून ते सगळं केलंस आणि वर म्हणालास, नियमात आहे. नियमात होतं! म्हणून तर मला खोटं बोलावं लागलं. खरं बोलून तुझा कागद फाटत नव्हता. मी महिनाभर खरंच बोलत फिरले, माझ्याशिवाय एकही संमती मागे आली नाही. फार तर माझी एकटीची रद्द झाली असती, आणि एका हिश्श्याचं पाणी शेळवाडीपर्यंत पोचतच नाही, वाटेतच जिरतं. हे तूच मला लहानपणी बांधावर उभं राहून शिकवलं होतंस.

आणि तरीही. तू सभेत उठून सांगू शकला असतास की हिने वाचलं होतं, हिने विचारलं होतं, मी सांगितलं होतं, ही रडली होती आणि हिने सही केली होती. लोकांनी निम्मं तरी मानलं असतं. तू माझ्याकडे बघितलंस आणि खाली बसलास. का बसलास ते मी रोज विचार करते. मला चारचौघांत खोटी पाडायचं नव्हतं म्हणून? की शेवटी तुलाही शेळवाडी दिसली? की नुसता अपमान झाला म्हणून? मला कळत नाही, आणि तू सांगणार नाहीस.

तुझं नाव मी घालवलं. त्याबद्दल मी तुझी माफी मागते. कालव्याच्या पाण्याची पुढची पाळी बारा तारखेला सुटतेय. शेळवाडीच्या सुपाऱ्यांना आणि विहिरींना पावसापर्यंत तेवढीच एक पाळी आहे. ती सुटेपर्यंत मी सभेत जाऊन खरं सांगणार नाही. हे मी ठरवलंय, आणि यात माझं चुकतंय का ते मला कुणी सांगू नये.

पण तुझ्यापाशी लेखी कबूल केल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. म्हणून हे पत्र. माझ्या अक्षरात, माझ्या सहीने. उद्या रजिस्टर करतेय, नऊ-दहा तारखेपर्यंत तुझ्या हातात पडेल. सचिवाकडे नेऊन दिलंस तर तुझं नाव धुऊन निघेल, संमत्या पुन्हा लागू होतील आणि पाणी केळीकडे वळेल. नियमात आहे. मी अडवणार नाही, नाकारणारही नाही.

दोन दिवस कालवा तुझ्या एकट्याच्या हातात आहे. या वेळी तुला कुणाचीच सही लागणार नाही.

तुझी धाकटी बहीण,
विमला