हिरवा मार्कर

मंगळवार, संध्याकाळ

माझ्या फळ्यावरचा हिरवा मार्कर आज पुन्हा नाहीसा झाला. ऑफिसात अधर्म माजला आहे, दुसरं काय!

तस्कर सापडला: केतकी. माझ्याच हाताखाली शिकली, आता शेजारच्या टीमची प्रमुख. तिच्या फळ्यापुढे माझी अर्धी टीम गोळा झालेली, आणि आमचा निखिल माझ्याच मार्करने तिच्या आकृतीवर काट मारत होता.

"केतकी, हे पहिल्याच दिवशी कोसळेल गं!"

"मग दाखव ना कुठे," ती हसत म्हणाली. हसत!

हाच निखिल सकाळी माझ्यापुढे बसला होता. बिलांची जुनी सिस्टीम एका झटक्यात बदलायची, असं मी सांगितलं. सगळे म्हणाले, "हो सर." मी त्याला एकमत समजलो.

"बाईसाहेब, मार्कर परत मिळेल का?"

"घ्या की सर. तुमच्याकडे नवाच्या नवा राहतो तो."

मत्सर षड्रिपूंमध्ये शेवटचा; माझ्याकडे आज पहिला हजर.

मार्कर आणला. जपून काय करू त्याचं? उद्या त्या बदलाला अंतिम होकार द्यायचा आहे. निखिलला त्यातली चूक दिसली असेल आणि तो मला सांगणार नाही, याची मला भीती वाटते.