अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा

१८ नोव्हें. ७९
शाळेतल्या गणित स्पर्धेचे पेपर तपासले. पहिला येईल तो जिल्ह्याला, पुण्याला. पेपर हेडसरांनी स्वतः काढलेला. शेवटचा प्रश्न: ११,११,१११ ही मूळ संख्या आहे हे दाखवा.
नववीतली रशीदा, उरवड्याची. लिहिते, "नाही. २३९ × ४६४९." मागच्या पानांवर २, ३, ५ पासून एकेका मूळ संख्येने भागत गेलीय. बावन्नावी २३९. बाकी शून्य. मी तीनदा गुणलं. बरोबर. कमाल पोरगी!

१९ नोव्हें.
हेडसरांना दाखवलं. किल्लीने कान कोरत होते. तीच किल्ली तिच्या पेपरला पुसली. शिसारी आली.
"तीनने जात नाही, सातने नाही, अकराने नाही. आणखी काय पाहिजे?"
म्हटलं, सर, गुणून बघा.
"मला शिकवू नका. शून्य द्या, सही करा."
केली. मार्चमध्ये नोकरी कायम व्हायचीय.

२१ नोव्हें.
रशीदा वडिलांना घेऊन आली. उरवड्यात किराणा दुकान आहे त्यांचं. हेडसरांपुढे हात जोडून उभे. "मास्तर, आमाला गणित कळत न्हाई. पन पोरगी म्हनती, गुणून तर बगा."
तिने खडू घेतला, ऑफिसातल्या फळ्यावर गुणाकार मांडला. दुसऱ्या ओळीवरच हेडसरांनी डस्टर फिरवला. "विचारा यांना, पेपर यांनी तपासलाय."
मी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघत म्हणालो, "नियमाप्रमाणे तपासलंय."
थू माझ्या तोंडावर.

२२ नोव्हें.
तास संपल्यावर रशीदा थांबली. "सर, तुम्ही गुणून बघितलं होतं?"
"हो."
"मग?"
वह्या गोळा करून बाहेर आलो.

२४ नोव्हें.
रजा टाकली. तिचा पेपर घेऊन पुण्याला, जिल्ह्याच्या कचेरीत. सोबत अर्ज: संख्या मूळ नाही, उत्तर बरोबर आहे, शून्य मी दिलं, सही माझी. कारकुनाने न वाचताच शिक्का मारला. "कळवू."
पिरंगुटला एस.टी.तून उतरलो तर समोर हेडसर, तोंडात पान.
"कुठे होता?"
सांगून टाकलं. सगळं.
माझ्या चपलेशेजारी पिंक टाकली. "सकाळी ऑफिसात या."