सहा सकाळींचं तापमान

१९ फेब्रुवारी २००६, रविवार

डायरी शैलाच्या कंपनीची, यंदाची. कोरीच होती. वाया जाऊ नये म्हणून लिहितोय. दुसरं कारण नाही.

शैला पंचवीस जानेवारीला गेली. साधं ऑपरेशन होतं, तीन दिवसांत घरी येणार होती. त्याबद्दल इथे काही लिहायचं नाही.

लिहायचं आहे ते तिच्या प्रोग्रॅमबद्दल. थंडीत आमच्याकडे दही लागत नाही. ती म्हणायची, तुम्ही सकाळी उठून ओट्यासमोरची खिडकी उघडता म्हणून. मी म्हणायचो, तुझं विरजण कमी पडतं. बावीस वर्षं हा वाद चालू होता. शेवटी पंधरा जानेवारीच्या रविवारी तिने टेस्टिंग लॅबमधला एक टाकाऊ सेन्सर आणला, दह्याच्या पातेल्याशेजारी चिकटवला आणि वायर भिंतीवरून हॉलमधल्या कॉम्प्युटरपर्यंत ओढली. म्हणाली, आता मशीनच सांगेल, मग बघते अहो तुमचं तोंड.

प्रोग्रॅम दर मिनिटाला स्वयंपाकघराचं तापमान घेतो. तेव्हापासून चालू आहे. पस्तीस दिवस झाले.

मला ते आकडे हवेत. सोळा ते एकवीस जानेवारी, सहा सकाळी. एकविसाला सकाळी चहा करून ती हॉस्पिटलला गेली. मी खिडकी उघडत नव्हतो एवढं सिद्ध करायचं आहे. बास.

२० फेब्रुवारी

संकल्प. शैलाची ती ग्राफिकल भाषा एका आठवड्यात शिकणे. रोज सकाळी सहा ते साडेसात. सी भाषेत अठरा वर्षं काढली आहेत. चौकोन आणि तारा जोडायला कितीसा वेळ लागणार?

पद्धत ठरवली. तिच्या चालू प्रोग्रॅमला हात लावायचा नाही. स्क्रीनवर त्याचं पॅनेल असतं, त्यावर एक आलेख आहे, तो मागचे सोळा-सतरा तास दाखवतो. जुने आकडे आत मेमरीत आहेत. मी दुसरा प्रोग्रॅम लिहीन, तो बाजूने जाऊन ते वाचेल. पहिला चालूच राहील. मेमरीत आहे म्हणजे पत्ता असणारच.

२१ फेब्रुवारी

उठायला साडेसात झाले. उद्यापासून.

२३ फेब्रुवारी, सकाळी ६.२०

मॅन्युअलची चाळीस पानं वाचली. प्रकार विचित्र आहे. सी मध्ये पहिली ओळ आधी, दुसरी नंतर. इथे ओळीच नाहीत. ज्या चौकोनाला त्याचे सगळे आकडे पोचले, तो चालतो. एक जरी यायचा राहिला तरी तो थांबून राहतो. कितीही वेळ.

हे मला पटलं नाही. येणार नसेल तर तसं कुणीतरी त्याला सांगायला नको का?

२४ फेब्रुवारी

शैलाच्या पॅनेलच्या तळाशी एक पिवळी चौकट आहे. अर्धी स्क्रीनच्या कडेखाली गेली आहे, वर एकच शब्द दिसतो. कॉमेंट असणार, म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची टीप. पुढचं वाचलं नाही. मी कॉमेंट वाचत नाही, लिहीतही नाही. चांगल्या कोडला कॉमेंट लागत नाही, हे मी ऑफिसातल्या पोरांना अठरा वर्षं सांगत आलोय. घरी वेगळा नियम कशाला?

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

उत्कर्षा आली होती. शैलाच्या हाताखालची इंजिनिअर, चोवीस वर्षांची. कवठाची चटणी घेऊन आली. मला काका म्हणते. ऑफिसात मला सगळे सर म्हणतात.

माझा सरावाचा प्रोग्रॅम दाखवला. दोन आकड्यांची बेरीज. मला क्रम लागतो, म्हणून एकापुढे एक नऊ चौकटी टाकल्या होत्या: पहिल्या चौकटीत पहिला आकडा, दुसरीत दुसरा, असं. ती बघत राहिली आणि म्हणाली, काका, हा प्रोग्रॅम आहे का लग्नाचा अल्बम? मग तिने एक चौकोन टाकला, तीन तारा जोडल्या, बेरीज झाली. मी म्हणालो, हे चालेल, पण शिस्त नाही.

बाजूने आकडे वाचण्याची माझी योजना सांगितली. ती म्हणाली, नाही जमत काका. दर मिनिटाला फिरतंय ते लूप, त्याच्या आतलं ते थांबल्याशिवाय बाहेर येत नाही. मॅडमनी लूपबाहेर फाइल जोडली असणार, त्या कधी विसरायच्या नाहीत. थांबवू या का?

मी म्हणालो, चहा घेणार का. मग लक्षात आलं, घरात चहा नाही.

तिने माउसकडे हात नेला तेव्हा मी जरा मोठ्याने बोललो. तसं बोलायला नको होतं.

१ मार्च

माझा वाचक-प्रोग्रॅम पूर्ण झाला. एरर एकही नाही. उत्तर शून्य येतं.

शून्य हेही उत्तर असतं. प्रगती आहे.

३ मार्च

नवीन अडचण. आलेखाची रेघ सपाट आहे. दुपारी किंचित चढते, रात्री उतरते, बाकी काही नाही. सकाळी काहीच हालचाल नाही. म्हणजे सेन्सर बिघडला. टाकाऊच होता. शैलाला तेव्हाच म्हणालो होतो, नवीन आण.

४ मार्च

मथुराबाई केर काढताना कॉम्प्युटरची वायर उपटणार होत्या. ओरडलो. मग काय चालू आहे ते समजावून सांगितलं आणि सेन्सर बिघडल्याचंही सांगितलं. त्यांनी ओटा पुसता पुसता ऐकलं. म्हणाल्या, मशीन चांगलं हाय साहेब. बाई गेल्यापासून गॅस कुठं पेटलाय? डबाच येतोय न्हवं खानावळीतनं. गॅस पेटला तर गरम व्हईल.

तरी सेन्सर तपासायला हवा, असं म्हणून मी हॉलमध्ये आलो.

५ मार्च

रोज सकाळी सहाला शैला गॅस लावायची. आधी चहा, मग पोळ्या, पावणेआठला बंद. म्हणजे त्या सहा दिवसांत सकाळी सहाला रेघ वर गेली असणार. सहा उंचवटे असणार. कोणत्या दिवशी ती दहा मिनिटं उशिरा उठली तेही दिसेल.

हे मला आधीच माहीत होतं. खिडकीचा मुद्दा वेगळा, तो आहेच.

८ मार्च

पेपरात आलंय, सोमवार तेरापासून आमच्या भागात लोडशेडिंग तीन तास. आतापर्यंत दोन होतं, इन्व्हर्टरवर निभावत होतं. स्वारगेटहून बॅटरीवाले नागोराव येऊन बघून गेले. म्हणाले, दोन तास ओढेल साहेब, वर पाच मिनिटं मागू नका तिच्याकडं. नवी बॅटरी? आठवडा लागेल, सगळं पुणंच रांगेत आहे.

म्हणजे सोमवारी मशीन बंद पडणार. आणि मेमरीतलं गेलं की गेलं.

तेव्हा रविवारी मीच थांबवणार. ठरलं.

११ मार्च, शनिवार

उत्कर्षाचा फोन. म्हणाली, उद्या अकराला येते काका, तोवर काही करू नका, आणि मुख्य म्हणजे ते वरचं... मी तिला मध्येच थांबवलं. सांगितलं, युनिक्सवर चालते प्रोग्रॅम बंद करण्यात माझी हयात गेली आहे. ती बरं म्हणाली.

ती यायच्या आत काम उरकून आलेखाचा प्रिंट तिच्या हातात ठेवायचा. सहा उंचवट्यांचा.

१२ मार्च, रविवार, सकाळी ६.००

आंघोळ करून बसलोय. सहालाच थांबवावं असं वाटलं. वरच्या पट्टीत लाल गोल बटण आहे. तेच.

६.०४

दाबलं. थांबला. काहीच कठीण नव्हतं. उगाच तीन आठवडे घालवले.

६.३०

फाइल सापडत नाही. दुसऱ्या फोल्डरमध्ये असेल.

७.४५

संपूर्ण डिस्क शोधली. तारखेने, नावाने. शोध चालू आहे.

दुपारी १

उत्कर्षा येऊन गेली. खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसली. मग हळू आवाजात म्हणाली, काका, वरचं लाल म्हणजे जागच्या जागी मारणं. मग पुढच्या तारेत काहीच जात नाही, फाइल बनतच नाही. पॅनेलवरचं बटण दाबायचं असतं. मी म्हणालो, पॅनेलवर बटण नाही. तिने पॅनेल खाली सरकवलं. होतं.

तिने विचारलं, काका, काही खाल्लंत का? हो म्हणालो.

१३ मार्च

लोडशेडिंग तीन तास झालं. बॅटरीने दोन तास दहा मिनिटं ओढली. वरची दहा मिनिटं तिच्याकडे कुणी मागितली नव्हती.

१५ मार्च

पिवळी चौकट वाचली. बटणाच्या बरोबर वरच होती. इंग्रजी अक्षरांत मराठी. जसंच्या तसं उतरवतो.

अहो, मी तीन दिवस नाही. लाइट जाणार असेल, बंद करायची वेळ आली, तर खालचं मोठं बटण दाबा. फाइल आपोआप तयार होईल. वरचं लाल दाबू नका, सगळं जाईल. तुम्ही वाचणार नाही म्हणून पिवळं केलंय.

वरून जो एक शब्द दिसत होता तो अहो होता. चोवीस फेब्रुवारीला मला तो नीट दिसला होता. कॉमेंट न वाचण्याचं तत्त्व वगैरे मी नंतर लिहिलं.

१९ मार्च, रविवार

तिचा प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. चहा, साखर, दूध कालच आणून ठेवलं होतं. सहाला गॅस लावला. पंधरा मिनिटांत रेघ वर चढली. मशीन चांगलं आहे.

६.४० ला एकदम खाली उतरली. उठून स्वयंपाकघरात गेलो. खिडकी उघडी होती. घरात मी एकटा.

आठवून पाहिलं. दूधवाला आला का हे बघायला मी ती उघडतो. हात आपोआप जातो. दूध मी काल दुकानातून आणलं होतं.

लावली.

संध्याकाळी मथुराबाईंकडून वाटीत विरजण आणलं. दूध कोमट करून, शैलाच्याच पातेल्यात, खिडकी बंद ठेवून लावलं. ती किती घालायची ते मी कधी पाहिलं नव्हतं. अंदाजाने घातलं.

२० मार्च, सकाळी ६.१५

प्रोग्रॅम खालच्या बटणाने बंद केला. फाइल तयार झाली. आपोआप.

दही घट्ट लागलं. मथुराबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, मार्चमधी कुनाचंबी लागतंय साहेब.

पातेलंभर झालंय. एकट्याला फार होतं.