हात धुतलेलं पाणी

विटा,
१२ नोव्हेंबर २०२५

चि. बनू हिला नानादादाचा आशीर्वाद.

इकडं सगळे आहोत तसे आहोत. थंडी पडली आणि तुझ्या वहिनीचे गुडघे बोलायला लागले. फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. तुझा फोन कायम स्पीकरवर, आणि परवा तू बोलत असताना मागं कोणीतरी खाकरलं. ते दाजींचं खाकरणं नव्हतं. होणारा जावई आत्तापासूनच घरात बसायला लागलाय काय? हे पत्र तुझ्या लेकीला, अपेक्षालाही दाखवू नकोस. तू एकटी वाच.

जावयाला, राजवर्धनला, दुकानात बघून ये म्हणालीस, म्हणून सोमवारी फलटणला जाऊन आलो. ओळख दिली नाही. टोपी घातली आणि अंगठी आटवायची आहे म्हणालो. दुकान लय भारी. थंडगार हवा, भिंतीवरच्या टीव्हीत सोन्याचा भाव पळतोय, बाकड्यावर बायकांची दाटी. एक म्हातारी शेजारणीला सांगत होती, "आवं, कपाटात ठिवून काय पिल्लं घालतंय व्हय ते? हितं वर्साला वाढवून देत्यात." पोरगा गोड. "काका, चहा घ्या," म्हणाला. मला आवडला, खोटं कशाला सांगू.

मग झाडणाऱ्या बाईनं केर भरला आणि सरळ घंटागाडीत टाकला. राजवर्धननं मानही वर केली नाही. हात धुवायच्या निमित्तानं आत गेलो, तर पाणी थेट गटारात.

बनू, आपल्या गावची निम्मी पोरं सोन्यामागं परमुलखात पळाली, त्यातलाच मी एक. मदुराईच्या गलाईच्या दुकानात जुनं सोनं आटवताना आम्ही केर पोत्यात साठवायचो, हात धुतलेलं पाणी पिंपात. बसायचं गोणपाट फाटलं तर जाळून राखेतनं सोनं काढायचो. सोनं आटतं तिथला केर कुणी टाकत नाही. राजवर्धनकडं सोनं येतं एवढं खरं. आटत नाही. मग जातं कुठं?

आता दुसरं. अपेक्षाची सुपारी फुटली त्या फोटोत तुझ्या गळ्यात नुसती काळी पोत होती. सोन्याचा एक मणी नव्हता. काल तुझ्या वहिनीला म्हणालो, लग्नासाठी पाटल्या काढून ठेव. पदराशी चाळा करत म्हणाली, "फलटणला दिल्यात. बनूताईंच्या शब्दावर त्यांच्या कोरेगावातल्या लय जणींनी दिल्यात."

त्यांनी हुंडा नको म्हटलं तेव्हा आपण किती खूश झालो होतो. त्याच्या बदल्यात गावातली तुझी ओळख मागितली, हे मात्र तू मला सांगितलं नाहीस. पोरीचं चांगलं होतंय म्हणून तू डोळे मिटलेस, की उघडे ठेवून पाठवत होतीस बायकांना? हे दोनदा लिहून खोडलं. तरी विचारतोय.

शनिवारी पहिल्या एस.टी.नं येतो. दोघं फलटणला जाऊ. आधी कोरेगावच्या बायकांचं मागायचं, मग वहिनीच्या पाटल्या, तुझं सगळ्यात शेवटी. लग्न राहतं की मोडतं, ते त्यानंतर.

मी येणार हे तुझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. शनिवारी त्या दुकानाला कुलूप दिसलं, तर मी तुला एक शब्द विचारणार नाही. परत विट्याच्या गाडीत बसेन.

शनिवारपर्यंत तरी तुझाच,
नानादादा