मास्तरीण व्हायला अमेरिकेला

आबा,

परवा हिंगोलीच्या एका कॉलेजात पोरींसमोर बोलायला गेले होते. बोलून झालं, टाळ्या झाल्या, आणि मागच्या बाकावरची एक पोरगी उठून म्हणाली, "म्याडम, ते सगळं बराबर हाय, पर तुमी तिकडं काहून गेल्त्या?" काहून म्हणाली बघा! पुण्यात माझा जन्म गेला. तिथं कुणी 'का' विचारतं, कुणी 'कशासाठी' विचारतं, पण 'काहून' म्हटलं की माणसाला पळायला जागाच राहत न्हाई. मला एकदम तुम्हीच समोर उभे दिसलात, खांद्यावर फावडं, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, कपाळाला आठ्या. पोरीला मी काहीतरी बरं बरं सांगून खाली बसवलं, पण घरी आले तरी चैन पडेना. म्हणून लिहायला बसले. वडील जाऊन इतकी वर्षं झाली आणि ही त्यांना पत्र लिहून राहिली, हे पाहून तुम्ही काय म्हणाला असतात ते मला ठाऊक आहे. "डोस्कं फिरलं म्हशीचं," म्हणाला असतात.

कारण मी म्हैसच होते तुमची. फार तर येडी, फार तर घोडी. सिद्धेश्वरच्या धरणाखाली कॅम्पात आपलं दोन खोल्यांचं क्वार्टर, आणि तुम्ही पाटकरी. कालव्याचं पाणी आज कुणाच्या रानाला सोडायचं आणि कुणाचं बंद करायचं, हे तुमच्या हातात. त्या कामानं तुमचा आवाज असा झाला होता की अलीकडच्या काठावरून हाक मारली की पलीकडच्या काठावरचा माणूस दचकावा. घरातही तोच आवाज. "भाकर दे" हेसुद्धा तुम्ही असं म्हणायचात की शेजारची बाई भाकर घेऊन यावी. रागावलेले नसायचात, खोटं कशाला बोलू. बोलायची एकच पट्टी होती तुमच्याकडं. मी औरंगाबादेत इंजिनिअरिंगला पहिल्या वर्गात पास झाले तेव्हा सगळ्या कॅम्पानं कौतुक केलं, आणि तुम्ही म्हणालात, "बरं झालं. आता तो रेडिओ खरखर करून राहिला, त्याचं बघ."

आणीबाणी उठली, त्याच्या पुढच्या-मागच्या वर्षातली गोष्ट. पास होऊन मी घरी आले होते आणि पोस्टमन तो जाड लिफाफा घेऊन आला. अमेरिकेच्या एका विद्यापीठानं बोलावलं होतं. फी माफ, राहण्या-खाण्याचं तेच बघणार. मी तशीच चुलीपुढं धावले. माय भाकर थापत होती, तुम्ही पाटावर बसला होतात. मी ओरडले, "आबा, मला मास्टर्स करायला बोलावलं! अमेरिकेला!" मायनं थापता थापता विचारलं, "मास्तर? म्हंजे हिंगोलीच्या ठेसनात हिरवा झेंडा दाखवतो तसा?" मी हसत सुटले. तुम्ही घास हातात धरून म्हणालात, "मास्तर व्हायला येवढ्या लांब?" मला वाटलं, तुमची नेहमीची थट्टा. मी त्या आनंदात इतकी बुडाले होते की उत्तरही न देता ओव्हरसियरच्या पोरीला सांगायला पळाले. तिथंच घोटाळा झाला.

बातमी कॅम्पात पसरली ती तुमच्या तोंडून पसरली, आणि तुमच्या समजुतीप्रमाणे पसरली. पाटकऱ्याची पोरगी मास्तरीण व्हायला अमेरिकेला चालली! नळावर बाया मला विचारायच्या, "काय ग, इंजिनिअरीण झाली ना तू? मग आता मास्तरीण काहून? उलटी उतरून राहिली का?" मला वाटायचं, ह्या चिडवतायत. मी म्हणायचे, "व्हय, उलटी उतरते." विहारात माझा सत्कार ठेवला तिथंही एक म्हातारबाबा भाषणात म्हणाले की पोरीनं मोठ्या देशात जाऊन मास्तरकी शिकावी, तिकडची छडी जरा हलकी असते म्हणतात. सगळे हसले, मीही हसले. तुम्ही तेवढे हसला न्हाईत. घरातही नीट बोलेनासे झालात. एका सकाळी तुम्ही दाढी केलीत, ठेवणीतला पांढरा सदरा घातलात आणि कुणाला काही न सांगता एस.टी.त बसून गेलात. माय म्हणाली, "कुणाच्या मयताला गेले का काय, सांगून तरी जावं माणसानं."

दिवस कलता कलता तुम्ही आलात. आधी तुमचा आवाज आला, मग तुम्ही. "काम झालं! ए म्हशे, काम झालं तुझं!" हातात पेढ्याचा पुडा. इतके खूश मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. उंबऱ्यातच सांगायला सुरुवात केलीत. तुम्ही सेनगावला गेला होतात, शिक्षणसंस्थेच्या शाळा चालवणाऱ्या साहेबांच्या घरी. दुपारभर त्यांच्या ओट्यावर बसून राहिलात. साखऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायला माणूस पाहिजेच होता. साहेबांनी सांगितलं, पोरगी इंजिनिअर आहे म्हणता, मग सोमवारी घेऊन या. "साखरा म्हंजे आपलंच गाव! आत्याच्या घरी ऱ्हाशील. पोळ्याला, दिवाळीला कॅम्पात. मास्तरीणच व्हायचं ना? मग समुद्र काहून ओलांडायचा, येडे? हितं जागा हाय!"

मला हसावं की रडावं कळेना, आणि दोन्ही एकदम आलं. माय म्हणाली, "अवो, ती रडून राहिली." मी डोळे पुसत सांगितलं, "आबा, मास्टर्स म्हंजे मास्तर न्हाई. शिक्षणाचं नाव हाय ते. इंजिनिअरिंगच्या वरचं." तुम्ही माझ्याकडं पाहिलंत, पुड्याकडं पाहिलंत. "म्हंजे मास्तरीण न्हाई?" "न्हाई." "तिकडून परत आल्यावर बी न्हाई?" "न्हाई आबा." मायनं पिठाचा हात तोंडावर धरला, पण तिला आवरेना. "आन् माणसानं सगळ्या हिंगोलीला सांगितलं!" म्हणत ती खांबाला टेकून हसली. तुम्ही आधी तिच्यावर ओरडलात, मग तुम्हालाच फुटलं. तिघं हसतोय, हसतोय, पुड्यातले पेढे खातोय. शेजारणीला वाटलं काहीतरी खुशखबर आहे, तिनंही पेढा नेला. आणि मग हसणं ओसरल्यावर तुम्ही विचारलंत, "मग काहून चालली?"

त्याचं उत्तर मी दुसऱ्या दिवशी दिलं. सकाळी तुम्ही रानाकडं पाणी नेणारी चारी उघडायला निघालात तेव्हा मी तुमच्यामागून कालव्याच्या कडेनं चालू लागले. मला जायचं होतं. जीव टाकून जायचं होतं. आणि तुम्ही न्हाई म्हणाला असतात तर मी गेले नसते, हे तुम्हालाही माहीत होतं. पाणी काठोकाठ चाललं होतं, बगळे उतरले होते, गव्हाला पाण्याची पहिली पाळी सुरू होती. मी घसा साफ करून सत्कारात केलं होतं तसं भाषण काढलं. म्हणाले, "समाजासाठी, आबा. आपल्यातली पोरगी तिकडं गेली की समाजाचं नाव होईल." तुम्ही चालता चालता म्हणालात, "ते विहारातल्या फोटोतल्या साहेबांचं कारण हाय. त्याहीनं तिकडं शिकून ते केलं बी. त्याहीचं कारण उसनं घेऊ नको. तुझं सांग."

मग मी देशाची प्रगती काढली. तुम्ही म्हणालात, "देश काय कॅम्पातल्या पोरीची वाट बघून ऱ्हायला का?" मग मी म्हणाले, तुम्हाला सुखात ठेवीन, पक्कं घर बांधीन. तुम्ही फावडं खाली टेकलंत. "मी सुखात न्हाई, हे तुला कुणी सांगितलं?" आबा, मी पार उघडी पडले. माझ्याजवळ जेवढी चांगली चांगली कारणं होती तेवढी तुम्ही त्या कालव्यात सोडून दिलीत. शेवटी मी चिडून, जवळजवळ ओरडूनच म्हणाले, "मला आवडतं म्हणून! धरणाच्या ऑफिसातलं ते वायरलेसचं खोकं हाय ना, ते मला लहानपणापासून आवडतं. मधात ना तार, ना खांब, आणि माणूस बोलतो ते इकडं कसं येतं, ते मला पुरतं समजून घ्यायचं हाय. इथल्या पुस्तकात होतं तेवढं झालं. पुढचं तिकडं हाय. मला ते करताना जेवायची याद ऱ्हात न्हाई. बस. दुसरं काही कारण न्हाई माझ्याजवळ."

बोलले आणि मला घाबरायला झालं. आपल्या घरातल्या पोरीनं, मायच्या हाताला चुलीचे चटके दिसत असताना, नुसतं आवडतं म्हणून सातासमुद्रापार जायचं? तुम्ही माझ्याकडं इतका वेळ पाहिलंत की चारीचं पाणी बांधावरून वाहायला लागलं. "आवडतं?" "व्हय." "येवढंच?" "येवढंच." आणि तुमचा चेहरा असा मोकळा झाला, असा मोकळा झाला! "मग असं सांग की, म्हशे! मी कवापास्नं जीव जाळून राहिलो. मला वाटलं, तुला हितं काही तकलीफ हाय. आमच्यापास्नं दूर पळायचं हाय, म्हून मास्तरीण व्हायला बी तिकडं चालली." मग फावडं उचलून पाण्याकडं धावलात आणि तिकडूनच ओरडलात, "जा! आवडलेलं सोडून साखऱ्याला गेलीस तर वर्गातली बिचारी पोरं बडवशील!" त्या ओरडण्यानं बगळे उडाले. मी तिथंच कालव्याच्या कडेला नाचले, आबा. साडी नेसलेली इंजिनिअर बाई, बांधावर, एकटी. तुम्ही पाहिलंत आणि न पाहिल्यासारखं केलंत.

सोमवारी तुम्हीच सेनगावला जाऊन साहेबांना सांगून आलात, "पोरीला दुसरं आवडतं." तुम्ही ते काही मोठ्या हुद्द्याचं नाव असावं तसं सांगत सुटलात. मी निघाले त्या दिवशी कंडक्टरला दम दिलात, "अमेरिकेला चालली, म्होरल्या शीटवर बसव." कंडक्टर म्हणाला, गाडी फक्त परभणीपर्यंत आहे. तुम्ही म्हणालात, "तवर तर बसव!" आख्खी गाडी हसत होती. आणि तिकडं गेले तर काय, पहिल्याच सत्रात मला विद्यार्थ्यांची प्रयोगशाळा शिकवायला दिली, फी माफ केली त्याच्या बदल्यात. हातात खडू, पुढं फळा, समोर माझ्यापेक्षा हातभर उंच पोरं. मी ते तुम्हाला कळवलं. मायच्या उत्तरात होतं की तुम्ही ते पत्र खिशात घालून कालव्याच्या टोकापर्यंत फिरलात. ज्याला पाणी सोडायचं त्याला आधी पत्र वाचायला लावायचात. "मी म्हणलो नव्हतो मास्तरीण? सगळे हसले मला!" बरं, हसा म्हणावं.

मी परत आले, पुण्यात नोकरीला लागले, टेलिफोनच्या कामात आयुष्य फार मजेत गेलं. अजूनही एखादं बंद पडलेलं यंत्र समोर आलं की माझ्या हातांना खाज सुटते. तुम्ही मात्र मी आल्यावर थोड्याच वर्षांत गेलात. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं न्हाई, म्हणून पुढचं लिहायला सोपं जातंय.

कालव्यावर मी खोटं बोलले न्हाई, पण सगळंही बोलले न्हाई. मी चौथीत असेन. पूर्णेला पूर आला होता आणि तुम्हाला वर येलदरीच्या धरणावर मदतीला नेलं होतं. दिवसामागून दिवस गेले, तुमचा पत्ता न्हाई. माय उपाशी, मी उपाशी. एका संध्याकाळी मी ऑफिसच्या दारात जाऊन उभी राहिले. वायरलेसवाले काका येलदरीहून येणारी पाण्याची पातळी लिहून घेत होते, आणि एकाएकी त्या खोक्यातून तुमचा आवाज आला. तीच पट्टी, काठाकाठाला ऐकू जाईल अशी. "हालो! भाऊ, माझ्या घरी निरोप द्या! माझं सोनं जेवलं का विचारा! सोन्याला म्हणावं, बाप उद्या येऊन राहिला!" काका हसले, म्हणाले, पाटकरी, सरकारी मशीन आहे हे. मी दाराआड उभी आहे, हे तुम्हाला कुठं ठाऊक होतं? दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात, चिखलानं भरलेले, आणि मला पाहून म्हणालात, "काय ग म्हशे, वाळली काहून?"

सोनं तुम्ही मला त्याआधी कधी म्हणाला नव्हतात, आणि नंतरही न्हाई. त्या खोक्यात असं काय होतं की माझा बाप त्याच्यात सोनं म्हणाला, ते बघायला मी अमेरिकेला गेले, आबा. कालव्यावर तेवढं सांगायची मला लाज वाटली. तुम्हालाही वाटली असती.