फ्रिजवरचा कौल

दादा, मी तुमच्यावर चिडले आहे. गेलेल्या बापावर चिडू नये म्हणतात, पण तुम्ही होतात तेव्हा तुमच्यासमोर तोंड उघडायची सोय नव्हती, मग चिडायचं तरी कधी? आता मीच म्हातारी झाले. नवरा गेला, घराला कुलूप लावलं आणि लेकीकडे दुबईत येऊन राहिले. या भागाला सिलिकॉन ओएसिस म्हणतात. नाव ऐकून तुम्हाला वाटेल काहीतरी देवस्थान असेल. कसलं काय, नुसत्या उंच इमारती, अर्ध्यात माणसं राहतात आणि अर्ध्यात ऑफिसं. त्यातल्याच एका ऑफिसात तुमची नात इंजिनिअर आहे. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. नाक तुमचं आहे, हट्टही तुमचाच, आणि आता कळलं की अक्कलही तुमचीच घेतलीन मेलीने. म्हणून हे लिहायला बसले.

तिचं काम काय ते आधी ऐका. लांब समुद्रात एक देश आहे. देश कसला, नुसती बेटं. तिथे वीज डिझेलवर चालते आणि डिझेल येतं जहाजाने. जहाज लेट झालं की बेटावर काळोख. आता त्यांनी सोलर लावलंय, पवनचक्क्या लावल्यात, पण सूर्य काही रात्रपाळी करत नाही. म्हणून डोंगरावर एक तलाव करायचा आणि खाली एक. दिवसा वीज उरली की पंप लावून पाणी वर चढवायचं, आणि काळोख पडला की तेच पाणी खाली सोडून त्यावर वीज करायची. मी म्हटलं, "अगो, ही तर माझी सासू झाली! दिवसभर माझ्याकडून विहिरीचं पाणी हौदात भरून घ्यायची आणि संध्याकाळी सगळं माडांना सोडून द्यायची." तर म्हणते, "एक्झॅक्टली आई! हे मी प्रेझेंटेशनमध्ये टाकते." इथे दुबईच्याच हत्ता नावाच्या डोंगराळ भागात असंच काम आहे, ते दाखवायला एका रविवारी घेऊन गेली मला. निळंशार पाणी, लोक होड्या फिरवताहेत, फोटो काढताहेत. मी आपली खाली वाकून बघतेय, देवळाचा कळस कुठे दिसतो का. इथे खाली कुणाचं देऊळ नाही हे माहीत आहे मला. पण आपलं गाव बुडाल्यापासून भरलेलं धरण दिसलं की माझी मान आपोआप खाली जाते, त्याला मी काय करू?

तर मागच्या महिन्यात ही ऑफिसातून नाचतच आली. तिथे वरचा तलाव जिथे व्हायचाय त्या खोलगट जागेत थोडी घरं आहेत, त्यांची जुनी दफनभूमी आहे. लोक म्हणतात, आमचे पूर्वज हो म्हणाल्याशिवाय आम्ही हलणार नाही. आणि पूर्वजांच्या वतीने बोलणारा एक म्हातारा आहे. "आई, आम्ही त्यालाच हायर करतोय, कम्युनिटी ॲडव्हायजर म्हणून. तो एकदा म्हणाला की पूर्वज राजी आहेत, की खलास! आयडिया कुणाची माहीत आहे? तुझ्या दादांची! मी मीटिंगमध्ये त्यांची गोष्ट सांगितली, बॉस म्हणाला ब्रिलियंट." माझ्या हातात आमटीची पळी होती. ती तशीच हातात राहिली.

ती गोष्ट मी तिला लहानपणी हसवायला सांगायचे. माझ्या दादांनी अख्ख्या गावाला कसं गंडवलं, म्हणून. आज हसू येत नाही. आठवतंय ना तुम्हाला तो दिवस? धरणाचं काम खालच्या अंगाला चालू आहे. सरकारी माणसं येऊन येऊन दमलीत. गाव म्हणतंय, देवाने कौल दिला तर उठू, नाहीतर बुडू. गुरव तुम्ही, तेव्हा कौल लावणार तुम्ही. अख्खं गाव देवळात बसलंय. तुम्ही गाऱ्हाणं घालताय आणि प्रत्येक वाक्याला लोक "होय म्हाराजा" म्हणताहेत. मी खांबाला धरून तुमच्या अगदी मागे उभी आहे. तुम्ही पाकळ्या पाण्यात बुडवून देवाच्या पाषाणावर चिकटवताय. उजवी गळली तर जा, डावी गळली तर राहा. आणि मी बघतेय, डाव्या पाकळीवर तुम्ही बोटाने पाणी थापताय, उजवीला नुसतं लावल्यासारखं करताय. कमी ओली ती आधी सुकणार, आधी गळणार, हे मलासुद्धा कळतं. उजवी गळली. बायका रडायला लागल्या. मी तुमचं धोतर ओढलं, "दादा, तुम्ही त्या..." तर तुम्ही मागे न बघता म्हणालात, "गप बस गो बाय." झालं. तेव्हापासून तुमच्यापुढे गप्पच राहिले.

पाणी येणारच होतं, मला मान्य आहे. तुमच्या कौलाने धरण थांबलं नसतं. लोक हट्टाने बसून राहिले असते तर पोरंबाळं पाण्यात गेली असती, म्हणून केलंत असंही मी तुमच्या बाजूने स्वतःला किती वेळा सांगितलं. मग ते तसं सांगायचं होतं की लोकांना! "बाबांनो, पाणी येतंय, जीव वाचवा," एवढं बोलायला काय झालं होतं? देवाला कशाला मध्ये घेतलंत? नव्या वसाहतीत गेल्यावर आईने देवाला फूल घातलं नाही, बघितलंत ना? चुलीपुढे बसून म्हणायची, "देवालाच आपण नको झालो. आपलं काय चुकलं असेल?" भाकरी थापता थापता म्हणायची. तुम्ही समोर पाटावर जेवत असायचात. मान खाली, घास तोंडात. एकदा, फक्त एकदा म्हणायचं होतंत, की अगं, देव काही बोलला नाही, तो मीच होतो. ती तेच विचारत मेली, दादा. तुम्हाला धरणावर चौकीदाराची नोकरी लागली, आपल्याच बुडालेल्या गावावर तुम्ही पहारा केलात, आणि वीज तारांवरून शहरात गेली. आपल्या वसाहतीत नुसते खांब. मी अभ्यास कंदिलावरच केला. त्याचाही राग आहे, पण तो लहान.

लेक त्या बेटावर जायला निघायची होती त्या दिवशी म्हणाली, "आई, कौल लाव ना, प्रोजेक्ट होऊ दे." मस्करीत म्हणाली. मी म्हटलं, थांब, लावतेच. झेंडू आणला होता, पाच दिरामला एवढीशी पुडी, म्हणजे शंभराच्या वर रुपये, गावी म्हैस खाते तो. पाषाण कुठून आणू? फ्रिजच्या दारावर लावल्या पाकळ्या, उजवी म्हणजे हो, डावी म्हणजे नाही. एसीच्या वाऱ्याने उजवी पटकन गळली. "येस!" म्हणून ही टाळ्या पिटते. मी म्हटलं, "आता डावी हवी का? घे." या वेळी उजवीला पाणी जास्त थापलं, डावी गळली. "परत उजवी?" परत उजवी. हिचं हसू गेलं.

"म्हणजे दादांनी हे असं केलं?"

"असंच. आणि तू आता त्या म्हाताऱ्याकडून करून घेणार आहेस. आपल्याच मेलेल्या माणसांनी आपल्याला हाकललं, असं वाटून तिथली एखादी बाई जन्मभर चुलीपुढे रडेल. तुझ्या आजीसारखी."

"आई, तिथे हॉस्पिटलचे दिवे जातात! समुद्र वर चढतोय. मी काय वाईट काम करतेय का?"

"मग तेच सांग ना त्यांना. हॉस्पिटल सांग, समुद्र सांग, तुमची घरं जातील हेही सांग."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर नाही म्हणाले."

"इतकं सोपं नसतं," म्हणून बॅगेची चेन ओढलीन आणि दार आपटून गेली. शाळेतून आलेली तिची पोर फ्रिजपुढे उभी राहून मला विचारते, "आज्जी, व्हाय आर देअर फ्लॉवर्स ऑन द फ्रिज?" मी म्हटलं, "देव आत भाजी ठेवायला आलेत."

बेटावरून लेकीचा फोन आला. त्या म्हाताऱ्याला नोकरीचं काही विचारलंच नाही म्हणाली. सगळ्यांना एकत्र बसवून सरळ सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी, आणि एका बाईने विचारलं, तुमच्या घरचं कुणाचं गाव असं गेलंय का? तर हिने तुमची गोष्ट सांगितली, या वेळी खरी, आजीसकट.  मग सगळे म्हणाले, आम्ही बघू. अजून बघताहेत. वरची दुसरी एखादी जागा मिळते का तेही लेक शोधतेय. बॉस भडकलाय, काम दुसऱ्याला देईन म्हणतो. लेक परत आलीय, पण घरात माझ्याशी मोजकंच बोलते. इन्शाल्ला होईल सगळं, असं जावई म्हणतो, म्हणजे त्यालाही काही ठाऊक नाही.

हे पत्र टाकायचं कुठे? इथे दारावर पोस्टमनसुद्धा येत नाही, आणि तुमचा पत्ता तर पाण्याखाली. राहू दे माझ्या उशीखाली. फक्त एक सांगते. ती गेली त्या दुपारी, पोर शाळेतून यायच्या आधी, घरात कुणी नव्हतं. मी परत फ्रिजपुढे उभी राहिले, गाऱ्हाणं घातलं, होय म्हाराजाही माझं मीच म्हटलं, आणि विचारलं, दादांना माफ करू का? उजवी गळली. पण खरं सांगायचं तर, तिला पाणी मी जरा कमीच लावलं होतं.